ठोकळा, नवरी आणि दादाचा कान

मंगळवार, ३ नोव्हेंबर
दवाखाना

दादा,

तुझा मोबाइल अजून ऑइलच्या डब्यात पोहतोय का? महिनाभर लावतेय, लागत नाही. वहिनीला लावला तर ती म्हणते, "ते गाडीखाली आहेत." माणूस महिनाभर गाडीखाली असतो का रे? शेवटी कागद घेऊन बसले. नाहीतरी इथे वर रेंज नाही, आणि दुपारी एक ते तीन शेळ्यासुद्धा आजारी पडत नाहीत.

मुद्द्यावर येते. आम्हाला गाडी घ्यायची आहे आणि ती तू निवडून द्यायची आहेस.

बदली होऊन सहा महिने झाले. पुलापर्यंत रस्ता डांबरी. पुढे आठ किलोमीटर दगड, तीन ओढे, आणि एक चढ असा की चढताना माणूस स्वतःच्याच गुडघ्यांची समजूत काढतो. सोमवारी पहाटे मी दुधाच्या ट्रकने वर येते, शुक्रवारी संध्याकाळी त्याच ट्रकने खाली. मधल्या चार रात्री औषधांच्या कपाटाशेजारच्या बाकावर. मुली शहाण्या आहेत, तक्रार करत नाहीत. पण परवा धाकटीने विचारलं, "आई, तू आता किती दिवस आहेस?" पाहुण्याला विचारतात तसं. तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. हा चढ चढणारी गाडी मिळाली तर मी रोज संध्याकाळी घरी येईन. नाहीतर नोकरी तरी सोडावी लागेल नाहीतर हे असंच चालू ठेवावं लागेल, आणि दोन्ही माझ्याच्याने होणार नाही.

पैसा एकाच गाडीपुरता आहे. चुकली तर दुसरी नाही.

एजंटकडे दोन गाड्या आहेत, दोन्ही वापरलेल्या, किंमत जवळपास सारखीच. नावं आम्हीच ठेवलीत. एक ठोकळा: चौकोनी, हिरवा, काच खाली करायला हँडल फिरवायचं, मागच्या दाराला स्टेपनी टांगलेली. दुसरी नवरी: लाल, चकचकीत, आत बसलं की कोणीतरी कुशीत घेतल्यासारखं वाटतं. तिला एक गोल बटण आहे, त्यावर डोंगर, चिखल, वाळू अशी चित्रं. आपण चित्र निवडायचं, बाकी ती बघून घेते. आमचे मास्तर, म्हणजे तुझे जावईबापू, त्या बटणावर भाळलेत. वर्गात भूमिती शिकवतात आणि घरी येऊन वर्तुळ काढून दाखवतात, "हे बघ, असं फिरतं."

तू दुकानात चहा पीत बसायचास आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीला हाक मारून सांगायचास, "अहो, तिसरा व्हॉल्व्ह वाजतोय." तो कान घेऊन ये. दोन्ही गाड्या ऐक आणि सांग.

तुझी,
गुरांची डॉक्टर

---

सोमवार, ९ नोव्हेंबर
गॅरेज

डॉक्टरीणबाईंना आणि रांगेतल्या तमाम शेळ्यांना नमस्कार.

यायला जमणार नाही. तीन इंजिनं उघडून पडलीत आणि चौथ्याचा मालक रोज सकाळी येऊन माझ्याकडे, घरी आजारी माणूस असल्यासारखा, बघत उभा राहतो. मोबाइलचं काय सांगू, नवीन घ्यायला सवड नाही.

पण सल्ला घे. बसण्याची गादी बघू नकोस, गाडीचं पोट बघ. पोटाखालून तुमची मांजर शेपटी वर करून गेली पाहिजे. टायरच्या आतल्या बाजूला हात फिरव, बाहेरची बाजू सगळेच पुसून ठेवतात. चित्राचं बटण फिरवून डोंगर चढता येत असता तर मी भिंतीवर ताजमहाल काढून त्यात राहिलो असतो. जावईबापूंना सांग, चारही चाकांना ताकद जाते का ते विचारा. त्याला फोर बाय फोर म्हणतात. ती नसेल तर ती लाल गाडी लग्नाला न्या आणि परत आणा.

दादा

---

रविवार, १५ नोव्हेंबर

दादा,

उंटावरून शेळ्या हाकू नकोस. शेळ्या माझ्याकडे आहेत, उंटावर बसून तू काय करतोयस?

तुझं पत्र मी जेवताना मोठ्याने वाचलं, ती चूक झाली. "फोर बाय फोर" ऐकताच सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. म्हणाल्या, "हे मला कळतं. लांबच्या बसला टू बाय टू असतं, म्हणजे इकडे दोन, तिकडे दोन. ही फोर बाय फोर, म्हणजे पुढे चार, मागे चार. आठ माणसं. हीच घ्यायची." मास्तरांनी पाटीवर चाकं काढून समजावलं. त्या म्हणाल्या, "चाकं सगळ्याच गाड्यांना चार असतात, त्यात सांगण्यासारखं काय?" आता बोल. मास्तरांनी पाटी पुसून टाकली.

एजंट म्हणतो दोन्ही फोर बाय फोर आहेत. एजंट काय, नाही कशाला म्हणेल?

तू येत नाहीस तर मीच कान तुझ्यापर्यंत आणते. पुढच्या रविवारी सकाळी अकराला आम्ही सगळे तिथे जाणार. मी वहिनीच्या मोबाइलवर फोन करीन आणि इंजिनाजवळ धरीन. आधी ठोकळा. तू ऐक आणि पत्राने निकाल कळव. पत्रानेच कळव, कारण एजंटच्या देखत तू फोनवर काही बोललास तर तो किंमत वाढवेल. निकाल आला की दुसऱ्या दिवशी मास्तर बँकेत.

तुझी,
कंटाळलेली

---

सोमवार, २३ नोव्हेंबर

बाई,

काल ऐकलं. निकाल लिहून घे.

ठोकळ्याचा आवाज जरा चढा आहे, पण दमदार. मध्ये कुठेही अडखळत नाही, एका दमात चालतो. सुरुवातीला थोडी घरघर झाली आणि मग जो सूर लागला तो शेवटपर्यंत सुटला नाही. वय झालंय, पण झिजलेलं काही नाही. असं मशीन हल्ली बनत नाही. आणखी वीस वर्षं ते कोणाचं ऐकणार नाही.

डोळे मिटून पैसे भरा.

दादा

---

गुरुवार, २६ नोव्हेंबर
दवाखाना

दादा,

तुझं पत्र मास्तरांनी दुधाच्या ट्रकबरोबर वर पाठवलं, सोबत चिठ्ठी: पैसे काढायची स्लिप भरून तयार आहे, उद्या बँकेत जातो. मी त्यांना फोन करून थांबवायला पुलापर्यंत चालत गेले. आठ किलोमीटर.

रविवारी ठोकळा सुरूच झाला नाही. बॅटरी बसली होती. मास्तर तेव्हा नवरीत बसून बटण फिरवत होते, त्यांना पत्ताच नाही. आता सुरू होईल म्हणून मी फोन धरून राहिले, इंजिन बंदच, आणि बॉनेटपाशी सासूबाई एजंटला झापत होत्या. "फोर बाय फोर म्हणून सांगता आणि पुढे दोनच जागा? बाकीच्या दोन कुठे गेल्या?" सात मिनिटं. तू ऐकलंस ते ते. चढा, दमदार, आणि आणखी वीस वर्षं कोणाचं ऐकणार नाही.

मी हसले. इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग हसू थांबलं, पाणी थांबलं नाही.

माझे पेशंट बोलत नाहीत. कोणत्या बाजूने हाक मारल्यावर मान वळत नाही, ते बघून मला ओळखावं लागतं. मागच्या वर्षी तू आलास तेव्हा स्टँडवर मी तुला डावीकडून चार हाका मारल्या होत्या. तू सरळ निघून गेलास, आणि मी मनात म्हटलं, दादाला शिष्टपणा आला. फोन ऑइलमध्ये पडलेला नाही. वहिनीने तुझ्यासाठी खोटं बोलायला सुरुवात करून किती दिवस झाले?

आणि मी रागावलेय, हेही सांगते. ऐकू येत नाही याचा राग नाही. ऐकू न येता "डोळे मिटून पैसे भरा" लिहिलंस, त्याचा आहे. ती माझी घरी यायची गाडी होती दादा.

तुझी बहीण

---

गुरुवार, १० डिसेंबर

दादा,

पंधरा दिवस झाले. एजंटने महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलंय. मी रागावलेय म्हणून लिहीत नसशील तर कळवते, राग गेला.

---

गुरुवार, १७ डिसेंबर

बाई,

सहा वेळा लिहायला बसलो. दुसऱ्याचं इंजिन उघडणं सोपं असतं.

दोन वर्षं झाली. डावा पूर्ण गेला. उजव्यात जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत, आणि इंजिनाचं दुखणं नेमकं बारीक आवाजात असतं. जन्मभर हातोडी, ग्राइंडर, हवेचा पंप. कान किती दिवस सोसणार? डॉक्टरांनी यंत्र लावायला सांगितलं. मी म्हटलं, कानाचा मेस्त्री म्हणून ज्याचं नाव तोच कानात यंत्र घालून बसला तर दारात कोण उभं राहील? म्हणून कानाडोळा केला. घे, या शब्दाचा अर्थ मला आता कळला.

आता खरं ऐक. ऐकते तुझी वहिनी. गाडी आली की ती चहा घेऊन बाहेर येते, बॉनेटशी जरा थबकते आणि आत जाते. मग मी "पाना विसरलो" म्हणून आत जातो आणि ती मला तोंडासमोर उभी राहून सांगते. सुरुवातीला तिच्याकडे शब्द नव्हते. "वाटीत बटणं हलवल्यासारखं." मी म्हणायचो, टॅपेट. "कुकरला शिट्टी यायच्या आधी होतं तसं." गॅस्केटमधून हवा. एकदा म्हणाली, "कोणीतरी जिना उतरतंय आणि दर वेळी तीच पायरी चुकतंय." चार सिलिंडर, एक प्लग मेलेला. असं मी तीस वर्षांत कोणाला सांगू शकलो नसतो. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, ती ही. पण गिऱ्हाइकापायी दिवसाला अकरा चहा होतात, पित्त वाढलंय.

त्या रविवारी ती बाजारात गेली होती आणि फोन माझ्या हातात राहिला. अकरा वाजले, तो थरथरला. तुला नाही म्हणायची लाज वाटली. काहीतरी गुरगुरत होतं, मी निकाल दिला. तुझे पैसे बुडाले असते तर मी तुला तोंड दाखवलं नसतं.

दुसरा मेस्त्री बघ. चांगला एक माहीत आहे, पत्ता मागे लिहिलाय.

दादा

---

सोमवार, २१ डिसेंबर
दवाखाना

दादा,

पत्त्याचा कागद मी शेळीला खाऊ घातला.

मला दुसरा मेस्त्री नको. तुम्ही दोघं या. वहिनीचे कान आणि तुझं डोकं एकाच तिकिटावर येत नसेल तर दोन तिकिटं काढा. गॅरेज आठवडाभर बंद ठेव. उघडून पडलेली तीन इंजिनं कुठे पळून जात नाहीत.

आणि सासूबाईंना सगळं सांगितलंय, लपवायची सोय नव्हती. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "झिजलेलं काही नाही, असं खरंच लिहिलंय का त्याने?" तेव्हापासून तुझ्यावर खूष आहेत.

तुझी,
वाट बघणारी

---

गुरुवार, ३१ डिसेंबर
तुझ्याच स्वयंपाकघरातून

बाई,

शनिवारी आलो, रविवारी तू मनसोक्त कान उपटलेस, सोमवारी पहाटे तू ट्रकने वर गेलीस. पुढचं तुला माहीत नाही आणि आमची बस तासाभरात आहे, म्हणून लिहून ठेवतो.

मंगळवारी नवरी काढली. जावईबापू चालवायला, मी शेजारी, तुझी वहिनी मागे डोळे मिटून. पुलापर्यंत ती म्हणाली, "काही नाही, झोपलेलं बाळ आहे." इंजिन खरंच उत्तम. पहिला ओढा पार केला. दुसऱ्याच्या काठावर जावईबापूंनी डोंगराचं चित्र निवडलं आणि नवरी दगडावर पोट टेकून बसली. पुढे जाईना, मागे येईना. जावईबापू इस्त्रीच्या पँटसकट गुडघाभर पाण्यात उतरून ढकलत होते. बाहेर येऊन म्हणाले, "उंची सहा सेंटिमीटरने कमी पडते." गणिताच्या माणसाला हार मानायला आकडा लागतो. बटणाचं नाव पुन्हा काढलं नाही.

मग दुसऱ्याची बॅटरी लावून ठोकळा सुरू केला. तुझी वहिनी बॉनेटशी उभी राहिली, या वेळी हातात चहा न घेता. बराच वेळ. म्हणाली, "पोळपाटावर लाटणं फिरतंय. जड आहे, पण सारखं." मी हात ठेवून बघितला, तिचं बरोबर होतं. चढावर नेला. चार चाकांचा दांडा ओढला, तर मागची चाकं गरागरा आणि पुढची शांत उभी. खाली शिरलो. पुढच्या चाकांना ताकद नेणारा शाफ्टच नाही! आधीच्या मालकाने डिझेल वाचवायला काढून ठेवला आणि विसरला. दांडा आहे, नाव आहे, पुढची चाकं नुसती सोबतीला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

एजंटने कानावर हात ठेवले. तेव्हा तुझ्या सासूबाई पुढे झाल्या. "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, फोर बाय फोरमधलं काहीतरी कमी आहे." एजंटने किंमत उतरवली. मी काल भंगारवाल्याकडे दिवसभर फिरून जुना शाफ्ट आणला, आज पहाटे बसवला, आणि आम्ही सगळे त्याच चढावरून वर आलो. कुठेही थांबलो नाही. सासूबाई पुढे बसल्या होत्या आणि चाकं मोजत होत्या.

दवाखान्याला कुलूप होतं. पाटीवर खडूने लिहिलेलं, "गाय अडली आहे, उद्या या." खिडकीतून तुझा बाक दिसला. त्यावर घडी घातलेली चादर आणि एवढीशी उशी. तू पहिल्यांदा ये म्हणालीस तेव्हाच आलो असतो तर त्यातल्या तीस रात्री कमी झाल्या असत्या. मी तिथे रडलो. तुझी वहिनी म्हणाली, धूळ फार आहे, आणि स्वतःही पदराने डोळे पुसले.

पैसे भरले. किल्ली साखरेच्या डब्यावर आहे. चालवायला तुला मीच शिकवलंय, तेव्हा क्लच सांभाळ.

दादा

---

गुरुवार, १४ जानेवारी
गॅरेज

बाई,

यंत्र घेतलं. उजव्या कानात. पहिल्या दिवशी घरात इतका गोंगाट ऐकू आला की मी तुझ्या वहिनीला विचारलं, कोण आलंय? कोणी नव्हतं, नळ गळत होता.

आणि गिऱ्हाइकं. दोन वर्षं ज्या भीतीने झोपलो नाही, ती सांगून टाकायची ठरवलं. नेहमीचा टॅक्सीवाला आला, त्याला म्हटलं, "बाबा रे, मला नीट ऐकू येत नाही." तो म्हणाला, "ते सगळ्यांना माहीत आहे, मेस्त्री. आम्ही काय चहा प्यायला येत होतो?" आता लोक मला ओलांडून आतच हाक मारतात, "बाई, जरा ऐकता का?" ती हात पुसत बाहेर येते आणि मी बॉनेट उघडून धरतो. मला वाटलं होतं वाईट वाटेल. मान जरा खाली जाते, पण पित्त बरंय.

ठोकळ्याचा सायलेन्सर फुटका आहे, ते तेव्हाच दिसलं होतं, वेळ नव्हता. पुढच्या महिन्यात येऊन बदलतो. गल्लीत फार आवाज होत असेल.

दादा

---

मंगळवार, १९ जानेवारी
घरून

दादा,

सायलेन्सरला हात लावलास तर सासूबाई तुला घरात घेणार नाहीत. ठोकळा पुलावर आला की आमच्या गल्लीत ऐकू येतो. तेव्हा त्या आधण ठेवतात, आणि मी दारात पोहोचते तोवर चहा गाळून झालेला असतो. शेजारी कुरकुरतात. मास्तरांनी त्यांना डेसिबल समजावून सांगितले, आता ते मास्तरांनाच टाळतात.

दोन आठवडे झाले, एकही संध्याकाळ चुकली नाही. परवा तिसऱ्या ओढ्याला पाणी होतं. दांडा ओढला आणि पुढची चाकं खरोखर लागली, ते मला हातात कळलं. मी ओढ्याच्या मधोमध एकटीच मोठ्याने तुझं नाव घेतलं. तुला यंत्र लावूनही ऐकू गेलं नसेल, म्हणून लिहिते.

आता गंमत ऐक. आज संध्याकाळी मोठीशी माझं कडाक्याचं भांडण झालं. कारण काहीच नाही, ओला टॉवेल पलंगावर. मी बोलले, ती उलट बोलली, दार आपटून आत गेली, आणि तेव्हापासून आतून कडी आहे. मास्तर समजूत घालायला निघाले होते, मी त्यांना थांबवलं. त्या आठ महिन्यांत ती माझ्याशी एकदाही भांडली नव्हती रे. शनिवार-रविवार येणाऱ्या माणसाशी कोण भांडतं? आता ती रुसून बसलीय, मी इथे ओट्यापाशी पत्र लिहितेय, आणि आम्हाला दोघींनाही घाई नाही. उद्या संध्याकाळी मी आहेच.

तुझी बहीण